मुलीला आठव्या महिन्यात गोवर झाला होता, आता ती चार वर्षांची आहे. पुढे मेंदूवर परिणाम होईल का?

शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. त्यामुळे विषाणूबद्दल जरा जास्त बोलेन.

गोवरानंतर लगेच येणारा मेंदूज्वर साधारण हजारात एकाला होतो, तोही बहुतेकदा पुरळ उठल्यावर दोनेक आठवड्यांत. तो तुमच्या मुलीच्या बाबतीत केव्हाच टळला.

तुम्ही बहुधा एसएसपीई या, गोवरानंतर बऱ्याच वर्षांनी होणाऱ्या मेंदूच्या आजाराबद्दल वाचलं असेल. यात गोवराचा विषाणू मेंदूत वर्षानुवर्षं टिकून राहतो. एरवी तो पेशीच्या आवरणातून बाहेर पडून पसरतो. इथे मात्र त्याच्या एम प्रथिनाच्या (विषाणूकण जुळवणाऱ्या) जनुकात बिघाड झालेला असतो, त्यामुळे पूर्ण विषाणूकण तयारच होत नाहीत. तो एका चेतापेशीतून थेट शेजारच्या पेशीत शिरतो. रक्तात आणि पाठीच्या कण्यातल्या पाण्यात गोवराविरुद्धची प्रतिपिंडं भरपूर असतात (निदानही त्यावरूनच होतं), पण पेशीच्या आत दडलेल्या विषाणूचं ती काही बिघडवू शकत नाहीत. मला हा प्रकार आजही विलक्षण वाटतो.

लागण जितक्या लहान वयात, तितका धोका जास्त. कॅलिफोर्नियात 1988 ते 1991 च्या साथीतल्या मुलांचा हिशेब मांडला, तेव्हा पाच वर्षांखाली गोवर झालेल्यांत सुमारे 1,367 मध्ये एक आणि पहिल्या वर्षात झालेल्यांत 609 मध्ये एक असं प्रमाण निघालं. म्हणजे तुमच्या मुलीच्या गटातही दर 609 पैकी 608 मुलांना हा आजार झाला नाही. उगाच एमआरआय करत बसू नका. पुढे आजार होणार की नाही हे आज सांगणारी तपासणी नाही.

लक्षणं सहसा गोवरानंतर सहा ते दहा वर्षांनी दिसतात. चांगली शिकणारी मुलगी अचानक मागे पडू लागली, स्वभाव बदलला, हातातल्या वस्तू झटक्यासरशी निसटू लागल्या किंवा मान एकदम खाली झुकू लागली, तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा आणि आठव्या महिन्यातल्या गोवराचा उल्लेख आवर्जून करा. शाळेतली घसरण अनेकदा 'लक्ष नाही' म्हणून सोडून दिली जाते. लवकर कळलं तर आयसोप्रिनोसिनसारखी औषधं काहींमध्ये आजाराची गती कमी करतात. पूर्ण बरं करणारा उपचार अजून नाही.

गोवर-रुबेला लसीचे डोस राहिले असतील तर बालरोगतज्ज्ञांना विचारून देऊन टाका. गोवर होऊन गेला तरी रुबेलाचं संरक्षण लागतंच, आणि लसीतल्या विषाणूमुळे एसएसपीई होत नाही.