पॅरॅलिसिस झालेल्या सासऱ्यांसाठी नर्स ठेवावी की आया?

सासरे अंथरुणावर, नाकात नळी, दादरला वन-रूम-किचन, तुमची नोकरी आणि करणाऱ्या तुम्ही एकट्या. नळी फक्त भरवण्यापुरती असेल तर पूर्णवेळ नर्स लागत नाही. भरवणं, स्पंजिंग, डायपर, कूस बदलणं हे नीट शिकवलेली आया करते. नळी बदलणं, इंजेक्शन, खोल जखमेचं ड्रेसिंग मात्र नर्सनेच करायचं. तेवढ्यापुरती व्हिजिटला बोलवा. नर्स-आया पुरवणारे काही ब्युरोवाले नर्सचे पैसे घेऊन आया पाठवतात, म्हणून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी बघायला मागा. आयाचं आधार घेऊन पोलीस ठाण्यात व्हेरिफिकेशन करा. ती सुट्टीवर गेली तर बदली कोण, किती तासांत, हे आधीच लिहून घ्या. गणपतीत बऱ्याच आया गावी असतात.

'24 तासांची आया' रात्री झोपणारच, झोपायलाच हवी. त्या भरवशावर राहिलात तर रात्री उठाल तुम्हीच. दिवसाची 12 तासांची आया आणि आठवड्यातून दोन रात्री वेगळी बाई, हे जास्त टिकतं.

पलंग भिंतीला चिकटलेला असेल तर आधी दीड-दोन फूट ओढा. एकाच बाजूने कूस बदलताना माणूस ओढला जातो, कातडी घासते आणि माकडहाडावर जखम होते. जाड चादरीची घडी खांद्यापासून मांडीपर्यंत आडवी घाला. दोघींनी दोन कडा धरून उचलायचं, ओढायचं नाही. दर दोन तासांनी कूस, एअर मॅट्रेस असली तरी. लाल डाग बोटाने दाबून पांढरा पडला नाही तर जखम सुरू झालीय. त्यावर मालिश करू नका, नर्सला दाखवा.

भरवताना डोकं 30 ते 45 अंश वर, नंतरही तासभर तसंच. आधी नाकाजवळची नळीची खूण जागेवर आहे का बघा. सरकली असेल तर थेंबही घालू नका. अन्न फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. खोकला किंवा धाप लागली तर लगेच थांबा. किती मिली ते डॉक्टरांकडून कागदावर घ्या आणि उशाशी वही ठेवा: वेळ, कूस, भरवलं किती, लघवी, संडास. पाळी बदलताना 'सगळं ठीक आहे' एवढ्यावर कोणालाही सोडू नका.

डिस्चार्ज अजून झाला नसेल तर सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने एकदा भरवून दाखवा. ज्येष्ठांच्या योजना, मदतीची चौकशी 14567 वर होते. आणि तुमचीच चिडचिड, रडू आवरेना झालं तर 14416, टेली मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.