वडिलांचा पीएसए ६.८ आलाय, म्हणजे कॅन्सरच का?

नाही, या एका आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. तुम्ही लिहिलंय की वडील ६६ वर्षांचे आहेत, रात्री तीन-चारदा लघवीला उठतात आणि रिपोर्ट आल्यापासून घरात कुणाला झोप नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. ठळक छापलेला आकडा आणि शेजारची ‘०-४’ ही मर्यादा पाहून काउंटरवरच हातपाय गळालेली बरीच माणसं पाहिली आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पीएसए हे प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेल्या ग्रंथीच्या, पेशी तयार करतात ते प्रथिन. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम, आणि त्यातलं थोडंसं रक्तात उतरतं. ते निरोगी पेशीही बनवतात आणि कॅन्सरच्याही. त्यामुळे वयोमानाने ग्रंथी वाढली, तिला सूज आली, लघवीत जंतुसंसर्ग झाला किंवा नळी घातली, तरी आकडा चढतो. संसर्गात तर तो कित्येक पटींनी वाढतो आणि खाली यायला आठवडे लागतात. ४ ते १० च्या दरम्यान पीएसए असलेल्यांची बायोप्सी केली, म्हणजे ग्रंथीचे बारीक तुकडे काढून तपासले, तर साधारण चौघांत एकाला कॅन्सर निघतो. चौघांत एक हेही प्रमाण कमी नाही, तेव्हा रिपोर्ट कपाटात ठेवून देऊ नका.

आधी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (जंतू वाढतात का ते पाहणारी तपासणी) करून घ्या. संसर्ग निघाला तर औषधांचा कोर्स पूर्ण करून सहा-आठ आठवड्यांनी पीएसए पुन्हा करा. नाही निघाला तरीही काही आठवड्यांनी एकदा फेरतपासणी हवीच, आणि तीही त्याच लॅबमध्ये, कारण किट बदललं की आकडा थोडा बदलतो. उपाशी राहायची गरज नसते. मात्र आधीचे दोन दिवस सायकल आणि वीर्यस्खलन टाळायचं असतं. वडिलांशी हे बोलायला अवघड वाटत असेल तर डॉक्टरांना सांगायला लावा, पण राहू देऊ नका. लघवीतून रक्त जात असेल किंवा हाडं सतत दुखत असतील, तर फेरतपासणीची वाट न पाहता थेट यूरोलॉजिस्टकडे (मूत्रविकारतज्ज्ञाकडे) जा.

दुसऱ्यांदाही आकडा चढाच राहिला, तर यूरोलॉजिस्ट बोटाने ग्रंथी तपासतील, कदाचित फ्री पीएसए, म्हणजे रक्तात इतर प्रथिनांना न चिकटता मोकळा फिरणारा पीएसए, मोजायला सांगतील. फ्री पीएसए एकूण पीएसएच्या २५ टक्क्यांहून जास्त असेल तर धोका कमी, १० टक्क्यांच्या खाली असेल तर जास्त. आता बऱ्याच ठिकाणी बायोप्सीआधी एमआरआय करतात. ते मला योग्य वाटतं, कारण त्यामुळे काहींची बायोप्सी टळते आणि बाकीच्यांची नेमक्या जागेवरून होते.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही: वडील फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेतात का? ग्रंथी वाढल्यावर देतात त्या गोळ्या. सहा महिन्यांहून जास्त काळ घेतल्या की पीएसए जवळपास निम्मा होतो, म्हणजे त्यांचा ६.८ हा तेराच्या आसपास धरावा लागेल. अनेकदा या गोळीत टॅम्सुलोसिन हे लघवी मोकळी करणारं औषधही मिसळलेलं असतं आणि वर कंपनीचं भलतंच नाव असतं. त्यामुळे पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा, आणि ते पाकीटच डॉक्टरांकडे घेऊन जा.