नाताळसाठी घरी मसालेदार एल करायची आहे, अनुभव शून्य. बेळगावात सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की टिळकवाडीत राहता, नाताळच्या सुट्टीत कॉलेजचे मित्र घरी जमणार आहेत, आणि दालचिनी-लवंगांची एल स्वतःच्या हातानं करून पाजायची आहे. बेत छान आहे. पण कायद्याचं आधी सांगतो, कारण नंतर कळून उपयोग नाही. कर्नाटक अबकारी कायदा, 1965 प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, आणि एल ही बिअरच. 'चारच बाटल्या केल्या, विकायच्या नाहीत' एवढं म्हणून सुटका होत नाही. त्यामुळे इथे घरी एल करा असं मी कुणालाच सांगणार नाही.

मी स्वतः एल केली ती इंग्लंडात, नोकरीसाठी तीन वर्षं होतो तेव्हा. तिथे 1963 पासून घरापुरती बिअर करायला परवाना लागत नाही. बेळगावला परत आल्यावर मी आल्याची बिअर करायला लागलो, जिंजर बिअर. नावात बिअर असली तरी ती बार्लीची नाही. आलं, गूळ, लिंबू आणि थोडी फसफस, एवढाच मामला. थंडीतल्या एलमध्ये आपल्याला जे आवडतं, म्हणजे मसाल्याचा वास, गडद गोडवा, जिभेवर फुटणारे बुडबुडे, ते सगळं हिच्यात येतं. तुम्ही हिच्यापासूनच सुरुवात करा.

एलमध्ये काय होतं ते थोडक्यात समजून घ्या, कारण तेच इथेही लागू पडतं. बार्लीला मोड आणून वाळवलं की माल्ट होतो. तो भरडून 65-67 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की पिठाची साखर होते. ते पाणी गाळून हॉप्सबरोबर (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट घालायचं. एलचं यीस्ट 18 ते 22 अंशांत खूश असतं. साखर खाऊन ते अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. पुढे दोन आठवडे भांड्यात, दोन आठवडे बाटलीत.

यातला मसाला मी पहिल्या खेपेला बिघडवला. साडेचार लिटरचा घाणा होता. आपला हात चहा-मसालेभाताला सरावलेला, म्हणून सरळ दहा लवंगा उकळीत टाकल्या. उकळताना चव बघितली तेव्हा उत्तम लागत होती. महिन्याभरानं बाटली उघडली तर दातांच्या दवाखान्यातला वास. लवंगेतलं युजेनॉल दातांच्या औषधात वापरतात, तोच तो वास. असं का झालं ते नंतर लक्षात आलं: साखर यीस्टनं खाल्ली, मसाला मात्र होता तिथेच राहिला. गोडीच्या आड लपलेली लवंग गोडी गेल्यावर उघडी पडली. एक घाणा, एक महिना, आणि सगळं मोरीत ओतावं लागलं.

तेव्हापासून मी मसाला कधीच उकळीत टाकत नाही, त्याचा काढा वेगळा करतो. माझ्या उत्तरातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं धरून ठेवा. एका वाटीभर पाण्यात बोटभर दालचिनी, दोन लवंगा, चार ठेचलेल्या वेलच्या, चिमूटभर जायफळ आणि अर्ध्या संत्र्याची साल (आतला पांढरा भाग काढून, तो कडू असतो). झाकण ठेवून पाच मिनिटं मंद उकळायचं आणि गाळून घ्यायचं. मग आल्या-गुळाचं गार पाणी (कृती पुढे येतेच) पेलाभर घ्यायचं आणि त्यात हा काढा अर्धा-अर्धा चमचा घालत चाखायचं. जिथे वास आला पण घशाला मसाला लागला नाही, तिथे थांबायचं. एका पेल्याला किती चमचे लागले त्या हिशोबानं सगळ्यात घालायचं. उरलेला काढा चहाला वापरा, वाया जात नाही.

आता मूळ काम. यीस्ट विकत आणायची गरज नाही, ते आल्याच्या सालीवरच असतं. त्यासाठी आधी आल्याचं विरजण लावायचं. स्वच्छ काचेच्या बरणीत दोन कप पाणी, दोन चमचे सालासकट किसलेलं ताजं आलं, दोन चमचे साखर. वर फडकं बांधायचं. रोज सकाळी पुन्हा दोन-दोन चमचे आलं-साखर घालून ढवळायचं. पाचव्या ते सातव्या दिवशी ढवळताना बारीक सुसू आवाज येतो, कडेनं फेस धरतो, वास आंबटगोड होतो, की विरजण तयार. वर केसाळ बुरशी दिसली तर वरचं काढून वापरू नका, अख्खी बरणी टाका.

पाण्याबद्दल. आपल्याकडे नळाला राकसकोप किंवा हिडकल धरणाचं पाणी येतं, त्यात क्लोरीन असतं, आणि क्लोरीन यीस्टला मारतं. पाणी उकळून गार करूनच घ्या. माझी पहिली दोन विरजणं नुसत्या नळाच्या पाण्यात आठवडाभर थंड पडून राहिली, तिसरं उकळलेल्या पाण्यात चौथ्या दिवशी उठलं. डिसेंबरात आपल्याकडे रात्री चांगलाच गारठा असतो, तेव्हा बरणी ओट्यावर उघडी न ठेवता डब्यांच्या कपाटात ठेवायची.

दोन लिटरसाठी दीडशे ग्रॅम गूळ आणि साठेक ग्रॅम ठेचलेलं आलं पंधरा मिनिटं उकळायचं. गूळ गडद घ्या. रविवार पेठेत पिवळाधमक आणि काळसर असे दोन्ही मिळतात, त्यातला काळसर. निपाणीकडच्या गुऱ्हाळावरून कुणी नवा गूळ आणून देत असेल तर फारच उत्तम, त्याला एलमधल्या भाजक्या माल्टसारखी खरपूस चव येते. गुळात माती-कचरा असतो, म्हणून उकळल्यावर फडक्यातून गाळायचंच. पाणी पूर्ण गार झालं, म्हणजे भांड्याला हात लावला तर ऊब लागत नाही, की दोन लिंबांचा रस, चाखून ठरवलेला काढा आणि गाळलेलं विरजण शंभर मिली घालायचं. गरम पाण्यात विरजण घातलंत तर आठवड्याची मेहनत मिनिटात मरते.

आता बाटल्या, आणि इथे मी तुम्हाला खरोखर बजावतो. काचेच्या बाटल्या वापरू नका. हिशोब बघा: एका लिटरमध्ये पंधराएक ग्रॅम साखर आंबली तर सोड्यासारखी फसफस येते आणि अल्कोहोल साधारण एक टक्का होतं. आपण लिटरला पंचाहत्तर ग्रॅम गूळ घातलाय. तो सगळा बंद बाटलीत आंबला तर सोड्याच्या कितीतरी पट दाब तयार होईल आणि काच फुटेल. माझ्या ओळखीच्या एका घरी रात्री कपाटात बाटली फुटली, काचेचे तुकडे समोरच्या भिंतीत रुतले होते. त्या वेळी तिथे कुणी नव्हतं. कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या धुऊन, वर चार बोटं जागा सोडून भरा. त्या दाब सहन करतात आणि हाताला सांगतातही.

सकाळ-संध्याकाळ बाटली दाबून बघायची. पहिल्या दिवशी ती मऊ दबते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दुकानातून आणलेल्या सीलबंद सोड्याच्या बाटलीसारखी टणक लागली, की त्याच क्षणी फ्रिजमध्ये. थंडीत यीस्ट झोपतं, दाब आणि अल्कोहोल दोन्ही तिथेच अडतं. 'अजून एक दिवस राहू दे' हा मोह टाळा. फ्रिजमध्येही ते अगदी थांबत नाही, म्हणून आठवड्यात संपवायची. अल्कोहोल थोडं असलं तरी शून्य नाही, तेव्हा लहान मुलं, गरोदर बायका आणि जे अजिबात घेत नाहीत त्यांना आधी स्पष्ट सांगा.

कॅम्पात आमच्या जुन्या घराशेजारी एक कॅथलिक काकी राहायच्या. नाताळच्या नेवऱ्या-दोदोलबरोबर त्या आल्याचं सरबत द्यायच्या, त्यात तळाशी दोन काळे मनुके असायचे. मी आता प्रत्येक बाटलीत दोन मनुके टाकतो. ते बुडबुड्यांबरोबर वर-खाली होतात, आणि सगळे वर तरंगून राहिले की फसफस आली हेही कळतं.

तारखा अशा धरा. 14 डिसेंबरला विरजण लावा, 21 ला शिजवून बाटल्या भरा, 23-24 ला फ्रिजमध्ये. 25 ला उघडताना बाटली सिंकवर धरा, टोपण पाव वळसा फिरवा, हवा जाऊ द्या, परत घट्ट करा, असं तीन-चार वेळा. मग ओता. आणि काढा किती चमचे लागला ते कुठेतरी लिहून ठेवा, पुढच्या वर्षी लागेल.