चार-तीन-तीन लिहिण्याआधी

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला फळ्याचा फोटो पाहिला. तुझ्या फुटबॉल संघाची मांडणी ४-३-३ (मागे चार, मध्ये तीन, पुढे तीन), सगळीकडे बाण, कोपऱ्यात ‘हाय प्रेस’, म्हणजे समोरच्यांच्या हद्दीतच दाब. अक्षर छान आहे.

पण तुझे दोन स्टॉपर, मधले बचावपटू, मी पाहिलेत. हेडरला दांडगे, वळताना मालट्रक. पुढचे तिघे दाब टाकायला धावले की या दोघांनी मध्यरेषेपर्यंत वर यायला हवं. ते येणार नाहीत. पाठीमागच्या मोकळ्या जागेची भीती वाटते, आपल्या गोलसमोरच्या बॉक्सपाशीच थांबतील. मग मधल्या तिघांनी ४० मीटरचं रान राखायचं? समोरचा एक बरा पास देणारा असला तरी पुरे.

इंग्लंडच्या लेस्टर क्लबने २०१५-१६ ची प्रीमियर लीग जिंकली ती साध्या ४-४-२ वर. त्यांचे स्टॉपर मॉर्गन आणि हूथही चपळ नव्हतेच. म्हणून त्यांची ओळ खाली, मधली चौघांची ओळ तिच्या अगदी जवळ, चेंडू खुशाल समोरच्यांकडे. तो हिसकावला की पहिली नजर पुढच्या वार्डीच्या धावेकडे. अर्थात मध्ये चेंडू हिसकावण्यात पटाईत कान्टे होता, हे विसरून नक्कल करू नकोस.

नक्कल मीही केलीय. एका वर्षी ३-५-२ चं वेड लागलं. कडेचे दोघे वर-खाली धावून साठाव्या मिनिटाला कंबरेवर हात ठेवून उभे, आणि आमची झाली पाचांची बचावफळी. गर्दी ओरडत होती, ‘पुढं मारा रं!’ पुढे होतं कोण?

२४ सप्टेंबर २०१६ ला आर्सेनलने चेल्सीला मध्यंतरापर्यंतच तीन गोल मारले होते. दुसऱ्या सत्रात चेल्सीच्या प्रशिक्षकाने, कॉन्टेने, मागे तिघे केले आणि पुढच्या सामन्यापासून लीगमध्ये सलग १३ विजय. सगळे ३-४-३ चं कौतुक करतात. तू उजवी कड बघ. मोझेस मूळचा विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक, त्याला अख्खी कड दिली. त्याच्या मागे तिघांमधला उजवा म्हणून आस्पिलिक्वेटा, मूळचा फुलबॅक म्हणजे कडेचा बचावपटू, कडेला ओढला गेला तरी न गोंधळणारा. त्यामुळे मोझेस मागे न बघता पुढे जाऊ शकला. पोरं आधी पाहिली, आकडा नंतर आला.

आणि सूचना. ‘प्रेस करा’ ही सूचना नव्हे, आरडाओरडा आहे. विंगरला सांग: त्यांचा बॅक स्वतःच्या गोलकडे तोंड करून चेंडू घेईल तेव्हाच धाव, आणि आतून बाहेर धाव, म्हणजे त्याला टचलाइन, मैदानाची कडेची रेषाच, उरेल. बाकी वेळ आपल्या हाफच्या, मधल्या खेळाडूच्या, शेजारी उभा राहा. सोळा वर्षांच्या पोराच्या डोक्यात एका सामन्यात एवढंच मावतं.

रविवारी सरावाला येतो. तोवर तुझ्या डाव्या बॅककडे नीट बघून ठेव. मला तो उजव्या पायाचा वाटला.