उबुंटूवर (विंडोजऐवजी चालणारी सिस्टीम) लॅपटॉपची बॅटरी दोन तासांत संपते, डार्क थीम लावून फरक पडेल का?

नाही पडणार. आमच्या भाऊजींना दोन वर्षं हेच सांगतोय, म्हणून प्रश्न बघून राहवलं नाही.

झालं असं की गणपतीत भाऊजी आमच्याकडे रामबागेत आलेले, आरतीला वेळ होता तर माझा लॅपटॉप घेऊन बसले. सगळं काळं करून टाकलं, थीम, टर्मिनल, वॉलपेपरसुद्धा, आणि वरच्या पट्टीत ग्राफिक कार्डाचं (पडद्यावरची चित्रं बनवणारी वेगळी चिप) टेंपरेचर दाखवणारं एक विजेट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, टाकून दिला. "आता बघ बॅटरी कशी चालते!" चालली कसली, चार तासांवरून दोनवर आली. पंधरा दिवस मी बॅटरीलाच शिव्या घालत होतो, जेल रोडला नवीनचा भावपण विचारून आलो.

मग चार्जर काढून पॉवरटॉप लावलं, वीज कुठे जातेय ते दाखवणारा प्रोग्रॅम (चार्जर असताना डिस्चार्ज रेट, म्हणजे बॅटरी किती वेगाने उतरतेय ते, दिसत नाही) तर काहीच न करता १८ वॉट! बॅटरी ४१ वॉट-अवरची, करा हिशोब, दोन तासांच्या थोडंसं वर. ते विजेट दर दोन सेकंदांनी कार्डाला विचारायचं, बाबा किती तापलायस, आणि ते बिचारं उत्तर द्यायला रात्रंदिवस जागं, रनटाइम स्टेटस (कार्ड जागं की झोपलेलं ते) कायम अॅक्टिव्ह. विजेट उडवलं, स्टेटस सस्पेंडेड, म्हणजे कार्ड झोपलं, आकडा १० वॉटवर. ब्राइटनेस निम्मा केला, अजून दोन वॉट गेले. मग मुद्दाम थीम परत पांढरी केली, तर आकडा जागचा हलला नाही. एलसीडी स्क्रीनमध्ये मागचा लाइट पेटलेलाच असतो हो, पुढे काळं दाखवा नाहीतर पांढरं. फोटो काढून भाऊजींना पाठवला तर म्हणे तुझ्या लॅपटॉपमध्येच काहीतरी आहे. होतं ना, तुमचं विजेट!

तर तुम्ही थीम सोडा आणि वेगळं कार्ड असेल तर ते झोपतंय का बघा. टीएलपी (बॅटरी वाचवणारा प्रोग्रॅम) टाकलंत तर पॉवर प्रोफाइल्स डेमन (तसलाच दुसरा) काढा, दोघांचं पटत नाही. पॉवरटॉपच्या ऑटो-ट्यूनने (वीज वाचवायची सगळी सेटिंग्ज एकदम लावणारा पर्याय) यूएसबी माउस मधेच झोपतो, तेवढं सांभाळा.

हां, स्क्रीन ओएलईडी (प्रत्येक पिक्सेल स्वतःच उजळणारी) असेल तर मात्र काळ्याने खरंच वाचते, तिथे काळा पिक्सेल बंदच असतो. भाऊजींचा फोन ओएलईडी आहे, तिथूनच हे खूळ आलंय, लॅपटॉप त्यांचापण एलसीडीच.

आणि हे आधी सांगायला हवं होतं, यूपॉवरमध्ये (बॅटरीची माहिती दाखवणारी कमांड) एनर्जी-फुल (आत्ता पूर्ण भरल्यावर किती मावतं) आणि एनर्जी-फुल-डिझाइन (नवी असताना किती मावायचं) असे दोन आकडे दिसतात, पहिला दुसऱ्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरीच गेलीय, वरचं काही करू नका.