लगाम धरला की मान उडवते

प्रश्न : सारंगखेड्याच्या बाजारातून घेतलेली मारवाडी घोडी साडेतीन वर्षांची आहे. खोगीर घेते, स्वार बसला तरी बिचकत नाही. सैल लगामावर छान चालते. लगाम जरा धरला की मान वर फेकते, नाहीतर हनुवटी छातीकडे ओढून घेते. जाणकार म्हणतात, काटेरी लगाम घाला. काय करावं? (एक वाचक, शहादा)

उत्तर : काटेरी लगाम अजिबात नको. ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांत काटे किंवा गाठी असलेल्या लगामाला, स्वारीसाठीसुद्धा, मनाई आहे. शिवाय दुखतंय म्हणून मान उडवणाऱ्या घोडीला आणखी दुखवून काय मिळणार?

आधी तोंड तपासा. अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान घोड्याच्या दुधाच्या बारा दाढा पडतात, शिवाय पुढचे दातही बदलत असतात. वरच्या पहिल्या दाढेपुढे कधी कधी एक बारीकसा जादा दात असतो. बिट (लगामाचा तोंडात बसणारा दांडा) त्यावर आपटलं की मान वर जाणारच. पशुवैद्याकडून तोंड पूर्ण उघडून आतपर्यंत बघून घ्या. तो दात काढावा लागला, तर जखम भरेपर्यंत मोहरकीवरच (तोंडात बिट नसलेल्या दोरीच्या साजावर) काम करा.

बिट साधं, गुळगुळीत, मध्ये जोड असलेलं (स्नॅफल) असावं. ओठाच्या दोन्ही बाजूंना सुमारे अर्धा सेंटिमीटर जागा राहावी. नोजबँडखाली (नाकाभोवतीच्या पट्ट्याखाली) नाकाच्या हाडावर दोन बोटं सहज जावीत; गालाजवळ मोजू नका, तिथे तो नेहमीच सैल वाटतो.

मग जमिनीवरून सुरुवात. खांद्याशी उभे राहा, एका बाजूचा लगाम हलकेच ताणा आणि तसाच धरून ठेवा. घोडी नाक वर करेल, मागे सरकेल. ताण वाढवू नका, सोडूही नका. जबडा सैल पडला, चघळल्यासारखं केलं, की त्याच क्षणी सोडा. घोडी शिकते ती या सोडण्यामुळे. दोन्ही बाजूंना पाच-सहा वेळा पुरे. पुढे हेच चालता चालता.

पाठीवर बसून हे काम दुडकीत (साध्या चालीपेक्षा जलद, ट्रॉटमध्ये) सुरू करावं. साध्या चालीत घोड्याचं डोकं प्रत्येक पावलागणिक हलतं आणि हाताला त्याच्यामागे जावं लागतं. दुडकीत ते जवळजवळ स्थिर असतं. सारंगखेड्याच्या बाजारात येणाऱ्या बऱ्याच घोड्यांना मान उंच धरून रेवाल (न उसळता जाणारी जलद) चाल शिकवलेली असते. तुमची घोडी दुडकीऐवजी रेवालच टाकत असेल, तर आधी लाँजवर (लांब दोरीवर गोल फिरवत) मोकळी दुडकी मिळवा. (मारवाडी घोड्याची मान मुळातच उंच बसलेली असते. ती खाली दाबण्याच्या नादी लागू नका.)

वीस मीटरचं वर्तुळ, मध्ये मध्ये लांब सरळ रेषेत. कोपर वाकलेलं, कोपरापासून बिटपर्यंत एक सरळ रेषा. आधी पायाने घोडी पुढे काढा, मग लगामातला झोल तेवढा घ्या. ताण किती? लगामाची पट्टी झोल न खाता सरळ राहील, एवढाच. बिटपर्यंत घोडीने यायचं असतं, हाताने मागे ओढायचं नसतं.

मान उडवली तर बहुतेक स्वार हात खाली दाबतात. त्याने बिट खालच्या हिरडीवर रुततं आणि मान आणखी वर जाते. हात तोंडाबरोबर थोडा वर न्या म्हणजे रेषा मोडणार नाही, आणि पाय चालू ठेवा. त्या क्षणी लगाम सोडलात, तर मान उडवली की सुटका होते हे ती पक्कं शिकेल. हनुवटी आत घेतली तर हात दोन बोटं पुढे द्या आणि वेग वाढवा. लगाम एकदम टाकू मात्र नका; पुन्हा पकडताना झटका बसतो आणि त्या भीतीनेच ती बिटपासून लपते.

एकूण काम वीस मिनिटं. शेवटी पट्ट्या बोटांतून हळूहळू सरकू द्या. नाक पुढे-खाली नेत ती त्यांच्या मागे गेली, तर काम बरोबर चाललंय. नाक जागीच राहिलं, तर हात अजून जड आहे.

प्रश्न : साइड रेन (खोगिरापासून बिटपर्यंत दोन्ही बाजूंना बांधायच्या पट्ट्या) लावून हेच लवकर होईल का?

उत्तर : आखूड बांधले तर घोडी मागच्या पायांवर उभी राहून उलटी पडू शकते. फक्त लाँजवर, आणि लाँजची दोरी बिटला नाही, नाकपट्टीच्या कडीला. आधी दहा मिनिटं मोकळी फिरवा, मग दोन्ही बाजू सारख्या लांबीच्या लावा. नाक कपाळाच्या पुढे राहिलंच पाहिजे. दहा मिनिटांनी काढा. ते लावून स्वारी करू नये.

प्रश्न : उजवा लगाम जड, डावा रिकामा. बिट बदलू?

उत्तर : नको. दात आणि पाठ ठीक असतील तर हा नैसर्गिक वाकडेपणा आहे. उजव्या हाताने ओढत राहिलात तर तिला टेकायला आधारच मिळतो. उजव्या वर्तुळावर उजव्या पायाने तिला बाहेर सरकवा, डावा लगाम भरेल; मग उजवा हात एक-दोन पावलं पुढे देऊन बघा.