प्लॅन सोडून बांधलं, आता कोर्ट काय शिक्षा देईल?

प्रश्न: ताई, मी सिडनीत राहतो, ओनर-बिल्डर परमिट (आपलं घर स्वतः बांधायची परवानगी) काढून घरावर वरचा मजला स्वतः उभा केला. बाल्कनी मंजूर प्लॅनपेक्षा ९० सेंटीमीटर पुढे गेली आणि छप्पर अर्धा मीटर वर, सुतार म्हणाला एवढं चालतं. शेजाऱ्यांनी तक्रार केली, काउन्सिलची (इथली नगरपालिका) स्टॉप वर्क ऑर्डर, म्हणजे काम थांबवा असा हुकूम, शुक्रवारी आली, पण पाऊस आत येत होता म्हणून शनिवार-रविवारी टाइल्स आणि रेलिंग तेवढं संपवलं. आता लँड अँड एन्व्हायर्नमेंट कोर्टात केस टाकलीय. मी काही बिल्डर नाही, आयटीत नोकरी करतो, हे कोर्ट समजून घेईल ना? जेल होईल का?
– एक वाचक

उत्तर: जेलची भीती आधी मनातून काढा. तुमच्या राज्याच्या, न्यू साउथ वेल्सच्या, १९७९च्या प्लॅनिंग कायद्यात या गुन्ह्याला शिक्षा दंडाचीच आहे. फक्त उद्या कोर्टाने स्वतः काही आदेश दिला आणि तोही मोडलात तर तो कोर्टाचा अवमान, तिथे मात्र जेलपर्यंत जाऊ शकतं.

पण दंड हलका समजू नका. अशा केसेस बहुतेक टिअर २, म्हणजे दंडाच्या मधल्या पातळीत चालतात, तिथे एका माणसाला जास्तीत जास्त ५ लाख डॉलर, शिवाय गुन्हा चालू राहिला तर दिवसाला ५ हजारपर्यंत. ही वरची मर्यादा झाली, घर बांधणाऱ्या साध्या माणसाला सहसा याच्या खूप खाली दंड लागतो, पण सोबत काउन्सिलच्या वकिलांचा खर्चही बहुधा तुमच्याच डोक्यावर येतो आणि कधीकधी तो दंडापेक्षा मोठा असतो, तेव्हा हिशोब दोन्हीचा धरा.

"मी बिल्डर नाही" हे वाक्य मात्र कोर्टात घेऊन जाऊ नका, कळकळीने सांगते. १० हजार डॉलरच्या वरचं काम स्वतः करायचं तर परमिट लागतं, २० हजारच्या वर कोर्सही करावा लागतो, आणि परमिट घेतलंत म्हणजे लायसन्सवाल्या बिल्डरची जबाबदारी तुम्ही अंगावर घेतलीत. स्टॅम्प मारलेला प्लॅन तुमच्याकडे होता, सुताराकडे नव्हता. आणि गुन्हा सिद्ध करायला तुमचा हेतू दाखवावाच लागत नाही.

हेतू महत्त्वाचा ठरतो तो शिक्षा ठरवताना, आणि खरं सांगायचं तर तुमच्या पत्रात मला ९० सेंटीमीटरपेक्षा तो शनिवार-रविवार जास्त बोचला. शुक्रवारपर्यंत तुम्ही म्हणू शकत होतात की लक्षात आलं नाही, निष्काळजीपणा झाला. शनिवारी सकाळी ऑर्डर हातात असताना टाइल्स लावल्यात म्हणजे ते जाणूनबुजून झालं, आणि ऑर्डर मोडणं हा वेगळा गुन्हाही आहे. पावसासाठी ताडपत्री टाकली असती तर कोणी काही बोललं नसतं, पण रेलिंगने पाऊस कसा अडणार, हे जज विचारतीलच. उत्तर तयार असू दे, आणि खरं असू दे.

शेजाऱ्यांच्या मागच्या अंगणात आता तुमच्या बाल्कनीतून थेट दिसत असेल तर ते नुकसान धरलं जाईल. "अर्ज केला असता तर मंजूर झालंच असतं" यानेही पूर्ण सुटका नाही, कारण आधी विचारायचं मग बांधायचं यावरच सगळी व्यवस्था उभी आहे, आणि बाकीच्या घरमालकांना वचक बसावा हाही शिक्षेचा एक उद्देश असतो.

आता तुमच्या हातात काय आहे? वकिलाशी बोलून गुन्हा कबूल करायचा असेल तर लवकर करा, अगदी सुरुवातीला कबुली दिली तर दंडात साधारण २५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते, ट्रायल जवळ आला की ती घटत जाते. पश्चात्ताप वकिलाने तोंडी सांगून भागत नाही, तुम्ही स्वतः ॲफिडेव्हिट करा, काय चुकलं, शेजाऱ्यांना काय त्रास झाला, तुम्ही काय दुरुस्त केलंत, आणि त्या वीकेंडबद्दलही लिहा, लपवू नका. पगार, होमलोन, घरखर्च याचे कागद जोडा, ऐपत बघूनच दंड ठरवायचा असं १९९६च्या फाइन्स ॲक्टमधे आहे. शिक्षेच्या वेगळ्या कायद्याच्या सेक्शन १० खाली कन्व्हिक्शनशिवाय, म्हणजे दोषी ठरल्याची नोंद न होता, सुटका होऊ शकते, पण त्या ऑर्डरनंतरच्या कामामुळे मी तुम्हाला तशी आशा दाखवणार नाही.

बांधकामाचं काय करायचं ते टाउन प्लॅनरला विचारा. काउन्सिलकडून बिल्डिंग इन्फर्मेशन सर्टिफिकेट मिळालं तर त्याआधी झालेल्या बांधकामावर काउन्सिलला पाडायची ऑर्डर काढता येत नाही, मात्र त्याने चालू केस संपत नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या. आणि कितीही वाटलं तरी बाल्कनी स्वतः कापायला जाऊ नका, स्टॉप वर्क ऑर्डर अजून उठलेली नाही आणि पाडणं हेही कामच, त्यामुळे आधी काउन्सिलकडून लेखी होकार घ्या.